निर्णयाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला घर देताना : खान्देशातील घरमालक आणि विश्वस्तांसाठी

जीव, धर्म किंवा अब्रू वाचवण्यासाठी देश सोडून आलेल्या माणसाच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायला महिने जातात, पुष्कळदा वर्षे जातात, आणि त्या सगळ्या काळात त्याला डोक्यावर छप्पर लागते. जर्मनीसारख्या देशांत अर्जदाराची राहण्याची सोय करणे ही कायद्याने सरकारची जबाबदारी आहे. भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ चा त्याचा प्रोटोकॉल यांवर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ लोकांसाठी सरकारने वसाहती व शिबिरे उभी केली, परंतु बाकीच्यांच्या जागेचा प्रश्न नातेवाईक, समाजाची पंचायत, धर्मशाळेचे विश्वस्त आणि घर भाड्याने देणारा मालक यांनाच सोडवावा लागतो.

खान्देशाला हा प्रश्न नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे जळगावात स्थिरावली, सिंधी कॉलनी वसली, आणि त्या नात्यांच्या धाग्याने पाकिस्तानातील हिंदू कुटुंबे पुढेही जळगावकडे येत राहिली. त्यांतील अनेकांचे अर्ज अनिर्णित आहेत. अशा कुटुंबाला खोली देण्याची इच्छा असणारी माणसे येथे पुष्कळ आहेत, पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, मागे पोलिसांचे झंझट लागणार नाही ना?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. कागद वेळेवर आणि खरे भरले, तर झंझट लागत नाही. कागद टाळले, तर मालकाला त्रास होतोच, शिवाय त्या कुटुंबाचा अर्जही धोक्यात येतो. म्हणून ज्याला मनापासून मदत करायची आहे त्याने दयेपेक्षा व्यवहार चोख ठेवण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

समोरचे कुटुंब कोणत्या वाटेवर आहे ते आधी समजून घ्यावे

निर्णयाची वाट पाहणारे सगळे सारखे नसतात. पाकिस्तानातून आलेली हिंदू किंवा शीख कुटुंबे बहुतेक वेळा स्वतःच्या पासपोर्टवर, रीतसर व्हिसा घेऊन आलेली असतात आणि येथे आल्यावर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, म्हणजे सगळे ज्याला 'एलटीव्ही' म्हणतात त्यासाठी, अर्ज करतात. हा व्हिसा मिळालेल्यांना २०१६ पासून बऱ्याच सवलती आहेत : बँकेत खाते उघडता येते, पॅन, आधार आणि वाहन परवाना काढता येतो, स्वतःचा धंदा करता येतो, ज्या राज्यात राहतात तेथे मोकळेपणाने फिरता येते आणि स्वतःला राहण्यापुरते घरही विकत घेता येते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे इतर व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच मिळालेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील असे केंद्र सरकारने स्पष्ट केले होते. त्या दिवसांत केवळ अफवेवर विश्वास ठेवून आपल्या भाडेकरूला घर रिकामे करायला सांगणारे मालक होते. आदेश स्वतः वाचावा, किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन विचारावे, आणि मगच काय करायचे ते ठरवावे.

दुसरी वाट संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची. नवी दिल्लीतील त्यांचे कार्यालय प्रामुख्याने म्यानमार, अफगाणिस्तान आणि भारताला लागून नसलेल्या देशांतून आलेल्यांची नोंदणी करते, मुलाखत घेते आणि निर्णय होईपर्यंत अर्ज विचाराधीन असल्याचा कागद देते. खान्देशात असे लोक क्वचितच भेटतील. पण शिकायला आलेला आणि दरम्यान मायदेशी परतणे धोक्याचे झालेला एखादा विद्यार्थी येथेही असू शकतो. हा कागद महत्त्वाचा आहे, मात्र तो व्हिसा नव्हे. तो जवळ असला तरी परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यातून आपोआप सुटका होत नाही, हे मालकानेही आणि त्या व्यक्तीनेही ध्यानात ठेवावे. या नोंदणीला एक पैसाही शुल्क नाही. कोणी मध्यस्थ "दिल्लीचे काम करून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड : ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही, किंवा व्हिसाची मुदत संपून गेली आहे आणि कोठे अर्जही केलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून देशात नवा आप्रवासन व परकीय नागरिक कायदा लागू झाला आहे. वैध पासपोर्ट व व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शेजारच्या देशांतील अल्पसंख्याकांना ठरावीक तारखांपूर्वीच्या प्रवेशासाठी काही सूट आहे, परंतु ती कोणाला लागू होते हे वकिलानेच पाहावे. अशा कुटुंबाला गुपचूप मागच्या खोलीत ठेवून घेणे हे मनाने चांगले वाटले तरी त्यांचे नुकसान करणारे आहे. त्यांना त्याच दिवशी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात न्यावे. तेथे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. वकिलाचा सल्ला घेऊन पुढचे पाऊल टाकावे आणि काय काय केले त्याची तारीखवार नोंद ठेवावी.

होकार देण्यापूर्वी पाहायचे कागद

कुटुंबाशी बोलताना कागद मागण्यात संकोच करू नये. पण दारात उभे करून, शेजाऱ्यांच्या देखत मागू नयेत. घरात बसवावे, पाणी द्यावे आणि काय पाहायचे आहे व कशासाठी, ते आधी सांगावे. प्रत्येक व्यक्तीचा पासपोर्ट, त्यावरील व्हिसाचे पान, नोंदणी प्रमाणपत्र किंवा निवास परवाना, आणि अर्ज प्रलंबित असल्यास ई-एफआरआरओ या परकीय नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरून मिळालेली पोच एवढे पुरेसे असते. पोच असली म्हणजे निर्णय झाला असे नाही, आणि निर्णय झाला नाही म्हणजे अर्ज फेटाळला असेही नाही. पोच हातात असलेला माणूस रांगेत उभा आहे एवढाच तिचा अर्थ.

तारखा नीट पाहाव्यात. पासपोर्टची मुदत वेगळी असते आणि व्हिसाची वेगळी, आणि एका घरातील पाच माणसांच्या तारखा पाच असू शकतात. लहान मुलाच्या पासपोर्टची मुदत आधी संपते आणि तिकडे कोणाचेच लक्ष नसते. या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून एक प्रत कुटुंबाकडे द्यावी आणि एक स्वतःकडे ठेवावी. मूळ कागद मात्र कधीही आपल्या कपाटात ठेवू नयेत. "सांभाळून ठेवतो" म्हणून पासपोर्ट ठेवून घेणारे मालक असतात. मग मालक लग्नासाठी परगावी आणि कुटुंब मुदतवाढीच्या खिडकीपुढे रिकाम्या हाताने उभे, असे घडलेले मी पाहिले आहे. दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणाही घरमालकाला नाही.

पहिले चोवीस तास

परकीय नागरिकाला राहायला जागा देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो हॉटेलवाला असो, धर्मशाळेचा व्यवस्थापक असो की घरातील एक खोली देणारा साधा माणूस असो, त्याच्या आगमनाची माहिती चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते. हा अर्ज 'फॉर्म सी' या नावाने सर्वांना परिचित आहे आणि तो ऑनलाइन भरला जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत परकीय नागरिकांचे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात पाहिले जाते. आत गेल्यावर जिल्हा विशेष शाखा कोठे आहे असे विचारावे. पाहुणा नात्यातला आहे किंवा भाडे घेतलेले नाही म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

अर्ज भरायला बसताना पासपोर्ट उघडून समोर ठेवावा आणि प्रत्येक अक्षर त्यावरूनच उतरवावे. सिंधी आणि उर्दू नावे आपल्या कानाला जशी ऐकू येतात तशी लिहिली की चूक झालीच म्हणून समजावे. पासपोर्टवर आडनाव नसेल, तर आपण स्वतःहून जोडू नये. वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव टाकू नये. जन्मतारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही ना, ते दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावे. व्हिसा क्रमांक, तो कोठे दिला गेला, भारतात कोणत्या नाक्यावरून व कोणत्या तारखेला प्रवेश केला आणि आपल्या घरी कोणत्या दिवशी आले, या चार गोष्टी पडताळाव्यात. एका अक्षराचा फरक आज क्षुल्लक वाटतो, पण पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ही दोन नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्या कुटुंबाला प्रतिज्ञापत्रे करत फिरावे लागते. अर्ज भरल्यावर त्याची प्रत छापून एक कुटुंबाला द्यावी.

मालकाने फॉर्म भरला म्हणजे कुटुंबाची स्वतःची जबाबदारी संपली असे नव्हे. पाकिस्तानी नागरिकांना आल्यापासून चोवीस तासांत स्वतः नोंदणी करावी लागते. घर बदलताना, जिल्ह्याबाहेर जाताना काय कळवायचे, कोणाची परवानगी घ्यायची, हे त्यांच्या व्हिसाच्या अटींवर ठरते. त्या अटी पहिल्याच भेटीत अधिकाऱ्याकडून लिहून घ्याव्यात. याशिवाय स्थानिक पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचा जो नेहमीचा अर्ज आहे, तोही भरावा. हे दोन वेगळे कागद आहेत आणि एक दिला म्हणून दुसरा माफ होत नाही.

भाडेकरार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. गावात पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवण्याची सवय आहे. इतर भाडेकरूंच्या बाबतीत ती कदाचित खपून जाते, पण ज्याचा अर्ज सरकारदरबारी आहे त्याच्यासाठी नोंदणी नसलेला करार कुचकामी ठरतो. खर्चाची भीती बाळगू नये. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील वार्षिक दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. समजा, भाडे महिना पाच हजार, मुदत अकरा महिने आणि डिपॉझिट वीस हजार धरले, तर हे शुल्क दोनशे रुपयांच्या पुढे जात नाही. नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे रुपये.

ज्याच्याकडे आधार नाही त्याचा करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवताना अडचण येते. अशा वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदारांसह प्रत्यक्ष जावे आणि पासपोर्ट व निवास परवाना दाखवावा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेश अशा काही देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा करता येत नाही. अकरा महिन्यांच्या कराराला ही अडचण नाही, तेव्हा अकरा महिन्यांचा करार करून तो वेळेवर नवा करत राहणे हेच सोयीचे.

करारात नेहमीच्या अटींखेरीज तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. पहिली, अर्जाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी घर सोडण्यासाठी किती दिवसांची नोटीस राहील. दुसरी, डिपॉझिट किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात परत मिळेल. तिसरी, करार भाडेकरूला त्याच्या भाषेत वाचून दाखवला आहे आणि वाचणाऱ्याची सही खाली आहे. सिंधमधून आलेली माणसे सिंधी व उर्दू लिपी वाचतात, हिंदी ऐकून समजतात, पण मराठी करार त्यांना वाचता येत नाही. समाजातील एखादे वडीलधारे गृहस्थ तासभर बसून तो समजावून सांगू शकतात. भाडे घ्यायचेच नसेल, तरी लेखी करार करावा आणि त्यात नाममात्र रक्कम लिहावी, म्हणजे उद्या घरातील वाटण्या झाल्या आणि नवा मालक आला, तरी कुटुंब एका रात्रीत रस्त्यावर येणार नाही.

घर कसे असावे

पुष्कळदा अशा कुटुंबांच्या वाट्याला गच्चीवरची पत्र्याची खोली येते, कारण तीच रिकामी असते. खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. दुपारी दोन वाजता पत्र्याखालची हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही, आणि ज्यांना ठरलेले काम नाही, ज्यांचे बाहेर पडणे मोजके आहे, अशा बायका, म्हातारी माणसे आणि मुले नेमकी याच वेळी घरात असतात. पत्र्याची खोली द्यायचीच असेल, तर पावसाळ्यानंतर पत्र्यावर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारावा, आतून छत करून घ्यावे, समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्यात आणि कूलरसाठी वेगळी वायर व प्लग द्यावा. जुन्या गावठाणातील मातीच्या धाब्याच्या घरात खोली उपलब्ध असेल, तर उन्हाळ्यासाठी ती पत्र्यापेक्षा कितीतरी बरी. मात्र पावसाळ्यापूर्वी धाबे गळते का, सरे आणि भिंती ठीक आहेत का, हे मिस्त्रीला दाखवून घ्यावे.

दुसरा विषय पाण्याचा. आपल्या अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, ते काही दिवसांच्या अंतराने येते, आणि येथे जन्मलेल्याला ते इतके अंगवळणी पडलेले असते की नव्या माणसाला सांगायचेच राहून जाते. नळाचा वार कोणता, पाणी किती वाजता येते, मोटर कोणी लावायची, पिण्याचे पाणी कशात आणि वापरायचे कशात भरायचे, हे पहिल्या दिवशी सांगावे. कुटुंबासाठी झाकणाची स्वतंत्र टाकी द्यावी. एकाच टाकीवर दोन बिऱ्हाडे असली की भांडण पाण्यावरून सुरू होते आणि बोलता बोलता ते देशावर आणि धर्मावर जाते.

स्वयंपाकाची चूल आणि दाराचे कुलूप स्वतंत्र असणे, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून काही वर्षे राहिले. तेथे कुटुंबांना आपापल्या खोल्या आणि आपापले स्वयंपाकघर होते. ज्याचे भविष्य दुसऱ्याच्या टेबलावरील फाइलमध्ये आहे, त्याला संध्याकाळी काय शिजवायचे एवढे तरी स्वतः ठरवता आले पाहिजे. समाजाने रोज डबा पुरवण्याची सोय पहिल्या आठवड्यासाठी चांगली, त्यानंतर ती नकोशी होते. घेणाऱ्याला संकोच वाटतो आणि देणाऱ्याला उपकार आठवत राहतात. गॅस जोडणीसाठी पत्त्याचा पुरावा तयार होईपर्यंत पाच किलोचे छोटे सिलिंडर ओळखपत्रावर विकत मिळते. शेगडी, दोन पातेली, तवा, पोळपाट-लाटणे आणि पाण्याची कळशी एवढे साहित्य लावून दिले की घर चालू होते. मांसाहाराविषयी मालकाची काही अट असेल, तर ती करारापूर्वी सांगावी, सामान आत आल्यानंतर सांगू नये.

दाराला आतून कडी असावी, कुलपाच्या सगळ्या किल्ल्या कुटुंबाकडे द्याव्यात, आणि मालकाने किंवा विश्वस्ताने दार वाजवल्याशिवाय आत जाऊ नये. संडास-न्हाणीघर शक्यतो बिऱ्हाडाच्या आतच असावे. बाहेर असेल तर तेथपर्यंत दिवा हवा. धर्मशाळेतील मोठ्या दालनात पडदे लावून कुटुंबे ठेवणे ही चार दिवसांची सोय झाली. वयात आलेल्या मुली असतील, तर चार दिवससुद्धा जास्तच.

वीजबिलाचा हिशेब सबमीटर लावून सोडवावा, आणि महावितरणच्या बिलात जो दर पडतो त्याच दराने पैसे घ्यावेत. जागा निवडताना शहर की शेतातले घर असा पर्याय असेल, तर शहर निवडावे, कारण पोलीस अधीक्षक कार्यालय, शाळा आणि सरकारी दवाखाना येथे वरचेवर जावे लागते आणि दर वेळी एसटीचे भाडे भरणे त्यांना झेपत नाही.

भाडे आणि काम यांची सरमिसळ करू नये

"भाडे नको, मळ्यावर राखण करा" किंवा "घरी वरकाम करा म्हणजे झाले" असे बोलणे आपल्याकडे सहज होते आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. तरीही ही वाट धरू नये. ज्या माणसाला घर सोडायची भीती आहे आणि तक्रार करायला जाण्याची त्याहून मोठी भीती आहे, तो कामाला नाही म्हणू शकत नाही; राखण रात्रंदिवसाची होते, बायको-मुलेही कामाला लागतात आणि बघता बघता ते वेठबिगारीच्या जवळ जाते. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. केळीच्या गाड्या भरणे असो, जिनिंगमधले काम असो की दुकानातली मदत, मजुरी बाजारभावाने वेगळी द्यावी आणि भाडे पावती देऊन वेगळे घ्यावे. काम देण्यापूर्वी त्या व्यक्तीला काम करण्याची परवानगी आहे का, ते पाहावे. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना धंदा करता येतो. ज्यांचा अर्ज अजून विचाराधीन आहे त्यांनी आधी विशेष शाखेत विचारून घ्यावे.

समाजाच्या ट्रस्टने मदत करायची असेल, तर पहिल्या तीन-चार महिन्यांचे भाडे ट्रस्टने थेट मालकाला द्यावे आणि नंतर ते टप्प्याटप्प्याने कुटुंबाकडे वळवावे. किती महिने आणि किती रक्कम, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

शाळा, दवाखाना

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळेत घ्यावेच लागते, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल सातवीच्या वयाचे असेल, पण त्याला देवनागरी येत नसेल, तर त्याला पहिलीत बसवायचे नसते. वयाला योग्य वर्गात घेऊन वेगळे शिकवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांकडे घरमालकाने एकदा सोबत गेल्यास काम लवकर होते. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून उपचार मिळतात. गरोदर बाई असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात आशाताईंकडून लवकर नोंद करून घ्यावी.

शेजारी, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप

शेजाऱ्यांपासून काही लपवू नये, पण सगळे सांगूही नये. "नवीन भाडेकरू आहेत, कागदपत्रे पोलिसांत दिलेली आहेत" एवढे वाक्य पुरते. ते तेथून का निघाले, मुलीवर काय प्रसंग आला, मागे कोण राहिले, या गोष्टी त्यांच्या आहेत. त्यांनी कोणाला सांगायच्या ते त्यांनी ठरवावे. देणगीदारांना दाखवण्यासाठी धान्याची पिशवी हातात देऊन कुटुंबाचा फोटो काढणे आणि तो गटावर टाकणे ताबडतोब बंद झाले पाहिजे. त्यांचे आईवडील, भाऊबहिणी अजून मिरपूरखासला किंवा सक्करला असू शकतात आणि येथील एका फोटोमुळे तेथे कोणाच्या दारावर थाप पडू शकते. पत्रकार आले तरी कुटुंबाला आधी विचारावे, आणि नको म्हणाले तर पुन्हा आग्रह करू नये.

निर्णय येतो तेव्हा

बहुतेक यजमान इथपर्यंतचा विचार करतात आणि पुढचा करत नाहीत. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला, तर कुटुंब आपले घर शोधू लागते. त्यांना तेथेच अडवून ठेवू नये. नव्या मालकाशी बोलून द्यावे आणि डिपॉझिट ठरल्याप्रमाणे परत करावे. नागरिकत्वाच्या टप्प्यावर वाट पुन्हा दोन प्रकारची होते. नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ अन्वये पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील सहा धर्मांचे जे लोक ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आले, त्यांना मार्च २०२४ मध्ये नियम निघाल्यापासून ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यानंतर आलेल्यांना नेहमीच्या नियमांनी, दीर्घ वास्तव्याचा पुरावा देऊन, अर्ज करावा लागतो.

उत्तर नकारार्थी आले, तर घाबरून त्याच संध्याकाळी सामान बाहेर काढू नये. नोटिशीची जी मुदत करारात आहे ती पाळावी, आदेशाची प्रत घेऊन वकिलाकडे जावे आणि अपील किंवा फेरअर्ज करण्याची मुदत किती आहे ते विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात, जीविताचे संरक्षण करणारे राज्यघटनेचे २१ वे कलम नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, असे स्पष्ट सांगितले. मात्र देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा १९ व्या कलमातील हक्क फक्त नागरिकांना आहे, हेही कुटुंबापासून लपवू नये. खोटी आशा दाखवणे आणि पोलिसांपासून लपवून ठेवणे, या दोन्ही गोष्टी त्यांना वकिलाच्या दारापासून दूर नेतात.

घर सोडण्याच्या दिवशी त्यांच्या जाण्याची माहितीही पोर्टलवर भरावी आणि पोलीस ठाण्यात कळवावी. मीटरचे वाचन दोघांनी मिळून घ्यावे, हिशेब कागदावर मांडावा. त्याबरोबर एक पत्र द्यावे : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही एवढी माणसे या पत्त्यावर राहिली, भाडे नियमित दिले, मालकाची सही आणि संपूर्ण पत्ता. भाड्याच्या सगळ्या पावत्यांच्या आणि नोंदणीकृत कराराच्या प्रती त्याला जोडाव्यात. नागरिकत्वाच्या अर्जात वर्षांचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्या वर्षांत तुमच्या घरी काढलेल्या महिन्यांचा पुरावा फक्त तुम्हीच देऊ शकता.